ढलप्यांचा माग

सुतार पक्ष्याचं घरटं वर बघून सापडत नाही. मान तेवढी अवघडते. ते सापडतं खाली, पालापाचोळ्यावर पडलेल्या ढलप्यांवरून. पांगाऱ्याच्या किंवा सावरीच्या ताज्या ढलप्या पिवळट पांढऱ्या असतात, बोटांत धरल्या तर किंचित ओलसर लागतात. चार दिवस उलटले की राखाडी पडून कडेने वळतात. माडाचं तसं नाही. माडाचं खोड म्हणजे तंतूंची घट्ट जुडी, त्यामुळे त्याखाली ढलप्यांऐवजी तांबूस भुसा आणि सुतळीच्या तुकड्यांसारखे धागे पडलेले दिसतात. नुसताच भुसा असेल तर तो भुंग्याचा. त्यात बोटाच्या पेराएवढाले धागे असतील, तर मान वर करायला हरकत नाही.

या पुस्तकातल्या नोंदी अशाच, खाली बघत फिरताना जमलेल्या आहेत. मुरुड-श्रीवर्धनच्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या, पाठीमागचा फणसाडचा डोंगर आणि नोकरीपायी देशावर काढलेली काही वर्षं, एवढाच त्यांचा मुलूख. नऊ वह्या भरल्या. त्यांतली पहिली तीन मी या पुस्तकात जवळजवळ घेतलेलीच नाहीत. त्याचं कारण सांगण्यासाठीच ही प्रस्तावना लिहायला बसलो, नाहीतर नोंदींच्या आधी लेखकाने मध्ये उभं राहू नये, अशा मताचा मी आहे.

त्या तीन वह्यांत घरटी आहेत, पण कुटुंबं नाहीत. भोक कोणत्या झाडात, जमिनीपासून किती हात, तोंड कोणत्या दिशेला, नर किती वेळा आला, मादी किती वेळा, सगळं रकाने पाडून लिहिलेलं. पिल्लं उडाली की खाली रेघ ओढायची आणि पान उलटायचं. पाच-सहा वर्षं मी अशा रेघा ओढल्या. मग एका ऑगस्टमध्ये, पाऊस दोन तास उघडला होता तेव्हा, परसातल्या शेवग्यावर एक सोनपाठी नर आणि त्याच्या मागे त्याच्याच मापाचं एक पाखरू खुरडत चढताना दिसलं. पाखराचा रंग मळका, माथ्यावरची लाली विटकी. नराने मान वळवली, चोच पाखराच्या घशात घातली आणि पोटातलं ओकून त्याला भरवलं. घरट्याखाली मी रेघ ओढून बरेच आठवडे झाले होते. म्हणजे नाटकाचा पहिला अंक बघून मी टाळ्या वाजवून घरी जात होतो.

तेव्हापासून नियम केला. पिल्लं बाहेर पडली की वही मिटायची नाही. आणि दुसरा नियम: 'कुटुंब' हा शब्द फुकट वापरायचा नाही. तीन-चार सुतार एका झाडावर दिसले म्हणजे ते आई-बाप-लेकरं असं आपण सहज म्हणून टाकतो. एकाने दुसऱ्याला भरवताना पाहिलं असेल, तरच या पुस्तकात 'कुटुंब' असं छापलं आहे. बाकी सगळीकडे 'टोळकं'. वाचताना हा फरक कंटाळवाणा वाटेल, पण तो मी हट्टाने राखला आहे.

आता ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांची ओळख. या पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग सोनपाठी सुताराने खाल्ला आहे, कारण तो माणसाला धरून राहतो. पाठ सोन्याच्या पत्र्यासारखी, कमरेवर काळा पट्टा, डोक्यावर लाल तुरा. नराचं कपाळही लाल; मादीच्या काळ्या कपाळावर पांढरे ठिपके आणि लाली फक्त मागच्या तुऱ्यात. एवढी एक खूण पक्की केली की घरट्यावर कोण आलं, कोण गेलं हे दुर्बिणीशिवायही कळतं. देशावरच्या बाभळींत भेटणारा पिवळ्या माथ्याचा कवड्या रंगाचा सुतार म्हणजे मराठा सुतार. जॉन लॅथमने १८०१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव देताना 'मराठा' हे विशेषण लावलं आणि आपण उगाच फुशारलो. हा पक्षी पश्चिमेला पाकिस्तानात आणि पूर्वेला थेट इंडोचायनापर्यंत सापडतो. अटकेपार झेंडा लावायला त्याला कुणा पेशव्याची गरज पडली नाही. फणसाडच्या गर्द झाडीत दिसणारा, आखूड शेपटीचा, डोक्याने मोठा असा एक बुटका सुतार आहे. त्याच्या पंखांवर पत्त्यांतल्या बदामासारखे काळे ठिपके असतात. त्याच्यावर एकच प्रकरण आहे आणि ते अपुरं आहे.

तांबूस सुताराविषयी मात्र इथेच दोन शब्द लिहितो, कारण वाचकांना ते प्रकरण रचलेलं वाटण्याची शक्यता आहे. झाडावर शेणाच्या गोळ्यासारखं काळपट घर बांधणाऱ्या मुंग्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. हात लावला तर शेपटाकडचा भाग पाठीवर उचलून अंगावर धावतात. तांबूस सुतार याच मुंग्या आणि त्यांची अंडी खातो, आणि विणीच्या दिवसांत त्यांच्याच नांदत्या घरात भोक पाडून स्वतःची अंडी घालतो. भाडेकरूने मालकाच्या घरात राहायचं आणि मालकालाच खायचं, असा हा व्यवहार आहे. या पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांना चावून धरलेल्या मुंग्यांची नुसती डोकी चिकटलेली सापडतात. हे जुन्या पक्षीशास्त्रज्ञांनीही नोंदलेलं आहे. माझ्या पदरचं त्यात काही नाही.

सुताराच्या घरट्याचं सगळं तंत्र एका गोष्टीवर उभं आहे: घर स्वतः कोरायचं. चोचीने कोरणं ही नरमादीची जोडकामगिरी असते, आणि पुष्कळ जातींत त्यातला मोठा वाटा नर उचलतो. आत गवत नाही, कापूस नाही. तळाशी उरलेल्या भुशावरच पांढरी, चकचकीत अंडी. सोनपाठीची बहुधा तीन. अकरा दिवसांच्या आसपास ती फुटतात, आणि वीसेक दिवसांनी पिल्लं भोकाबाहेर पडतात. जन्मतः उघडी, आंधळी. त्यांच्या टाचांवर खरखरीत गाद्या असतात. लाकडाच्या खडबडीत तळावर घासत बसायचं तर त्या हव्यातच. आठवड्याभराची झाली की ढोलीतून एकसारखी खरखर ऐकू येते, जुना टेबलफॅन अडकत फिरावा तशी. एवढा आवाज करणारं पिल्लू वाटीसारख्या उघड्या घरट्यात असतं, तर कावळ्याने दुपारच्या आत संपवलं असतं. भिंती जाड असल्यामुळे त्यांना हा आवाज परवडतो.

एप्रिलमधली एक संध्याकाळ सविस्तर सांगतो. नंतरच्या सगळ्या संध्याकाळी थोड्याफार फरकाने तशाच आहेत. शेंडा मोडलेला माड, साधारण वीस फुटांवर भोक. मादी आत. पावणेसातला नर शेजारच्या आंब्यावरून खाली झेप घेत माडाच्या मागच्या अंगाला चिकटला. तिथून त्याने एका बाजूने डोकं काढून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने. उड्या मारत, शेपटीचा टेकू घेत, भोकाच्या हातभर खाली येऊन थांबला. आवाज नाही. मादीचं डोकं भोकात दिसलं आणि पुढच्या क्षणी ती पोफळींच्या उंचीने सरळ निघून गेली. नराने डोकं आत घातलं, बाहेर काढलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी शेपटीसकट नाहीसा झाला. थोड्या वेळाने आतून चोच दिसली, म्हणजे तो वळून बसला होता. मग काळोख. सुतारांच्या बहुतेक जातींत अंड्यांवरची आणि पिल्लांवरची रात्रपाळी नराकडे असते. हे सांगितल्यावर घरातल्या बायका माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, तिची नोंद वहीत नाही.

या नोंदींत माझा एक गुन्हाही आहे. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी भोकापासून दहा पावलांवर स्टूल टाकून, डोक्यावर टॉवेल घेऊन बसलो. आपण झुडूप झालो अशी माझी समजूत. संध्याकाळी मादी बाहेर गेली, नर आला, ओरडत माडाभोवती घिरट्या घातल्या, आंब्यावर बसला, पुन्हा आला. अंधार पडला तरी तो आत शिरला नाही. मी उठलो तेव्हा फार उशीर झाला होता. त्या घरट्यातून पिल्लं निघाली नाहीत. धामणीने अंडी नेली असतील, आणखीही काही झालं असेल; पण वहीत कारणाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आहे. तेव्हापासून चाळीस पावलांच्या आत बसायचं नाही. घरट्यांच्या नेमक्या जागा या पुस्तकात दिलेल्या नाहीत, त्याचंही कारण हेच: टॉवेल घेऊन बसणारे आणखी असतील आणि आता त्यांच्याकडे कॅमेरेही आहेत.

घरटी पाहता पाहता माझ्या डोक्यात जी गोष्ट बसली, ती मला इथल्या सुतारांनी अर्धी शिकवली आणि अर्धी अमेरिकेतल्या. अमेरिकेच्या आग्नेय भागात, लांब सुयांच्या पाइन वृक्षांच्या जंगलात, लाल कलगीचा सुतार राहतो. ती कलगी म्हणजे नराच्या गालामागे दोन-चार लाल पिसं, शोधल्याशिवाय दिसत नाहीत. बाकीचे बहुतेक सुतार मेलेलं, सडलेलं लाकूड कोरतात. हा जिवंत पाइन कोरतो. त्याला गाभ्यात बुरशी धरलेलं जुनं झाड लागतं, आणि तरीही एक भोक पुरं व्हायला वर्षं जातात. भोकाभोवती तो मुद्दाम साल टोचून राळ गळती ठेवतो, म्हणजे झाडावर चढणारे साप त्या चिकट्यात अडकतात. थव्यातला प्रत्येक पक्षी झोपायला स्वतंत्र भोक वापरतो. या पक्ष्यांत मोठे झालेले पुष्कळ मुलगे घर सोडून जात नाहीत. आई-बापांच्या पुढच्या विणीतल्या भावंडांना भरवतात.

असं वाचलं की आपल्या डोळ्यांत पाणी येतं, एकत्र कुटुंब आठवतं. जेफ्री वॉल्टर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र वेगळा प्रश्न पडला. हे मुलगे मायेने राहतात, की जायला जागा नाही म्हणून? उत्तर कॅरोलायनातल्या जंगलात, जिथे एकही सुतार राहत नव्हता अशा २० ठिकाणी, त्यांनी यंत्राने भोकं पाडून दिली. तशाच दुसऱ्या २० ठिकाणी काहीच केलं नाही. भोकं पाडलेल्या २० पैकी १८ जागी सुतार राहायला आले. दुसऱ्या बाजूला एकही नाही. मुलगे निघाले होतेच, खोली मिळत नव्हती. गिरगावातल्या दीड खोलीत तीन भाऊ, तीन वहिन्या आणि पोटमाळ्यावरचा धाकटा पाहिलेल्या वाचकाला हा प्रयोग समजावून सांगायला नको. मला तो वाचून आधी थोडं वाईट वाटलं, मग हसू आलं. माया खोटी ठरत नाही; पण तिला भिंती असतात, आणि त्या कोणी कोरल्या हे विचारावं लागतं.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातलं. कार्मेल खोऱ्यात हेस्टिंग्स नावाचं संशोधन-राखीव आहे. तिथे ओकची बोंडं साठवणाऱ्या सुतारांवर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून नोंदी चालू आहेत, पायांत रंगीत कडी घातलेल्या पक्ष्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या. हे पक्षी एकाच झाडाला हजारो बारीक भोकं पाडून प्रत्येकात एकेक बोंड ठोकून बसवतात. ते झाड म्हणजे त्यांचं कोठार, आणि त्याभोवती जमलेलं त्यांचं कुटुंब. त्यात भाऊ-भाऊ मिळून नांदतात, बहिणी-बहिणी एकाच भोकात अंडी घालतात, वर मदतीला मागच्या वर्षांची मुलं. हे सगळं गोड वाटत असेल तर पुढचं वाचा: एका बहिणीने आधी अंडं घातलं की दुसरी ते बाहेर काढून फोडते. दोघी एकाच सुमारास घालू लागल्या की मग हा प्रकार थांबतो, कारण कोणतं अंडं कोणाचं हे तिथून पुढे कोणालाच सांगता येत नाही. आणि एखाद्या कोठाराचा धनी मेला तर शेजारपाजारच्या टोळ्या दिवसचे दिवस लढतात. २०२० मध्ये साहस बर्वे आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या अंगावर बारीक ट्रान्समीटर बसवून दाखवलं, की ही भांडणं नुसती बघायलाही तीन-तीन किलोमीटरवरून सुतार येतात, स्वतःचं भरलेलं कोठार तसंच सोडून. हे आडनाव बघून मराठी वाचकाची कॉलर ताठ होईल, माझी झाली.

आपल्याकडेही काम झालं आहे. पश्चिम घाटात एकाच जंगलात राहणाऱ्या सुतारांच्या वेगवेगळ्या जातींवर व्ही. संथाराम यांनी १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाला प्रबंध सादर केला (चित्रपटवाले शांताराम हे नव्हेत, मला दोनदा विचारलं गेलं आहे). आणि ज्या किनाऱ्यावर मी फिरलो, त्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरणीच्या वसाहतीवर बसून नोंदी केल्या. नर आधी घर विणतो, अर्धं झालं की माद्या बघायला येतात, पसंत पडलं तर संसार, आणि तो मांडला की नर दुसरं घर विणायला घेतो, हे त्यांनी दाखवलं. 'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्याने रचली, त्याने सुगरण पाहिली असावी आणि सुतारही.

पण इथे एक फरक आहे. सुगरणीला गवताची पाती दर पावसाळ्यात नवी मिळतात. सुताराला वाळकं, आतून भुसभुशीत झालेलं, तरी उभं असलेलं खोड लागतं, आणि आपल्या नजरेत त्यापेक्षा निरुपयोगी झाड दुसरं नाही. वाडीत ते सरपणाचं, जंगलात ते कीड लागलेलं, रस्त्याच्या कडेला ते धोक्याचं. शिवाय सुतारावर आळ असतोच. माडावर तो ठोकताना दिसला की वाडीवाला म्हणतो, याने माड मारला. खरं तर गेंड्या भुंग्याने कोंब खाल्लेला असतो, सोंड्या भुंग्याच्या अळ्यांनी खोड पोखरलेलं असतं, आणि हा त्या अळ्यांच्या मागे आलेला असतो. डॉक्टर घरात शिरताना दिसला म्हणून आजाराचा ठपका त्याच्यावर, त्यातला हा प्रकार.

३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकलं. पोफळी काड्यांसारख्या पडल्या. पुष्कळ माड मुळासकट गेले, आणि काहींचे फक्त शेंडे मोडले. ते बोडके माड विजेच्या खांबांसारखे उभे राहिले. वीज तर कित्येक आठवडे नव्हतीच. लाल कलगीच्या सुताराने हे ३१ वर्षं आधी सोसलं होतं. सप्टेंबर १९८९ मध्ये 'ह्यूगो' वादळाने दक्षिण कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मेरियन जंगलातली ढोल्यांची शेकडा ८७ झाडं एका रात्रीत पाडली. तिथे माणसांनी उरलेल्या पाइनमध्ये खोबणी कापून लाकडी पेट्या बसवल्या आणि पक्षी त्यांत राहिले. १९७० पासून संकटग्रस्तांच्या यादीत असलेला हा पक्षी २०२४ मध्ये एक पायरी खाली, म्हणजे कमी धोक्याच्या वर्गात आणला गेला. आमच्याकडे कोणी पेट्या बसवल्या नाहीत. आमच्याकडे वादळानेच शेंडे मोडून घरांची सोय केली आणि मग आम्ही वाडी साफ करायला घेतली.

शेजारच्या काकांच्या वाडीत असे चार बोडके माड होते. तोडणारी माणसं आली त्या दिवशी मी कुंपणाशी गेलो. "काका, एक राहू द्या की." "कशाला? डोक्यावर पडेल कुणाच्या." "त्या कोपऱ्यात कोण जातंय?" काका जरा वेळ बघत राहिले. "तुझे ते सुतार ना? बरं. पण पडला आणि माझी पंपाची खोली मोडली, तर पत्रे तू आणून द्यायचे." या कराराचा लेखी पुरावा नाही.

पुस्तकाचं शेवटचं आणि सर्वांत लांब प्रकरण त्या एका माडावर आहे. माड मेला, दोन पावसाळ्यांत आतून मऊ झाला, आणि पुढच्या फेब्रुवारीत सोनपाठीने वीस फुटांवर भोक पाडलं. त्याच वर्षी साळुंक्यांनी ते बळकावलं. गवताबरोबर शाम्पूच्या पुड्यांचे तुकडेही आत नेले. सुतारांनी भांडण केलं, हरले, आणि तीन हात खाली नवं भोक सुरू केलं. त्याच्या पुढच्या वर्षी वर साळुंकी, मधल्या जुन्या भोकात दयाळ आणि खाली तिसऱ्या भोकात सुतार, असा तीन मजली संसार चालला. साळुंकी काय, दयाळ काय, पिंगळा काय, पोपट काय, ढोली सगळ्यांना हवी असते आणि कोरता यातल्या कोणालाही येत नाही. चाळ सुताराने बांधायची, आणि भाडं मात्र कोणी द्यायचं नाही. पिल्लं बाहेर पडल्यावर बापाने त्यांतलं एक आणि आईने एक असं वाटून घेतल्यासारखं मला त्याच वर्षी दिसलं. दोन्ही नोंदी, तारखांसकट, त्या प्रकरणात आहेत. दोन्ही टोळ्यांना मी 'कुटुंब' म्हटलं आहे, कारण भरवताना पाहिलं आहे.

या कामात ज्यांच्या वाड्यांत मी वेळी-अवेळी शिरलो, त्यांनी कुत्री बांधून ठेवली, चहा दिला, आणि "अजून तेच बघतोस का?" एवढंच विचारलं. त्यांची नावं दिली तर घरट्यांच्या जागाही कळतील, म्हणून देत नाही. त्यांना ते समजेल.

तो माड गेल्या पावसाळ्यात पडला, पंपाच्या खोलीच्या उलट्या बाजूला. काकांनी मधल्या भोकाचा हातभर तुकडा करवतीने कापून घेतला, खालून फळी ठोकली आणि पडवीच्या खांबाला टांगला. दयाळ येईल अशी त्यांची अपेक्षा होती. काकूंनी त्यात मेणबत्त्या आणि काड्यापेटी ठेवली. वीज गेली की काळोखात हात आपोआप तिकडे जातो.